कांदेवालीची पेटी

टेशीच्या किनाऱ्यावर माझं दुकान,
समोर समुद्र, मागे ट्रकचा रस्ता,
मधे मी. शवपेट्या करणारा सुतार.
आमच्याकडे माणूस ज्यावर जगला
त्यातच निजून जातो:
कोळी माशात, ड्रायव्हर ट्रकात,
कोको पिकवणारा कोकोच्या फळात.

लहानपणी फुटक्या होड्यांच्या फळ्यांतून
मी मासे कोरायचो, कुणी न सांगता.
एकाला तीन डोळे ठेवले होते.
तिसरा कशाला, तर म्हणालो,
त्याला मागचं बघायचंय.
काका म्हणाला, पोराचा हात वळतोय,
बसवा धंद्याला.
बसवलं.

एकतीस वर्षं.
मर्सिडीज किती झाल्या, मोजणं सोडलं.
साचे भिंतीला टांगलेत नंबर घालून,
चार म्हणजे मासा, सात म्हणजे बायबल.
फोनवर फोटो येतो, आगाऊ रक्कम येते,
शनिवारी अंत्ययात्रा, तेव्हा शुक्रवारी
रंग वाळलाच पाहिजे.
मागच्या वर्षी परदेशातल्या एका संग्रहालयाने
सिंह मागवला. आत कोणीच निजणार नव्हतं.
तोही केला. पैसे चांगले होते.
रात्री बायको विचारायची, आज काय केलंस?
मला आठवावं लागायचं.

मग कोर्कोई आली, कांदेवाली.
स्वतःच्या पायांनी, हे आधी सांगायला हवं,
आमचं गिऱ्हाईक सहसा तसं येत नाही.
म्हणाली, माझा कांदा कर,
मी डोळे उघडे असताना बघणार.
मी गोल काढला, वर शेंडी.
ती म्हणाली, हा लसूण आहे.
दुसरा काढला.
हा बटाटा, आणि तोही आजारी.
माझा शागीर्द अमार्तेई
हसू लपवायला भुसा झाडत बसला.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊनच आली,
रंध्याशेजारी एक कांदा ठेवला.
बघ, म्हणाली, एक गाल फुगलेला असतो,
जमिनीत शेजाऱ्याने ढकललेलं असतं ना.
मान पिळलेली. खाली जटा, न विंचरलेल्या.
आणि टरफल नुसतं रंगवायचं नाही हं,
टरफल सुटायला आलेलं असतं.

सुटायला आलेलं लाकूड
कसं करतात?
वावाचं लाकूड मऊ, पण इतकं पातळ काढताना
फाटलं. पुन्हा लावला रंधा. पुन्हा फाटलं.
सातव्यांदा एक पापुद्रा उठला,
दाराकडे धरला
तर पलीकडचा समुद्र
तांबूस दिसला त्यातून.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही.
वीज गेली होती, हे अमार्तेईकडून कळलं.
केंके आणि तळलेला मासा झाकून ठेवला होता,
तो मांजराने खाल्ला.
मी शीळ घालत होतो म्हणे.
मला शीळ येत नाही.

पेटी झाली. कोर्कोई चपला काढून आत चढली,
आडवी झाली, डोळे मिटले.
आम्ही दोघे उगाच श्वास धरून उभे.
खांद्याला घट्ट होतेय, ती आतून म्हणाली,
पण राहू दे,
तोवर मी वाळेन.

हातगाडीवर घालून नेली तिने.
परवा बाजारात गेलो
तर पेटीत कांदे भरून विकत बसलेली,
भाव सांगताना झाकणावर थाप मारते.
माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले.

आज सकाळी एक मुलगा आला. आई गेलीय,
मोबाइलची पेटी हवी, नेहमीची, शनिवारपर्यंत.
साचा नंबर अकरा.
अमार्तेई काढायला उठला.
मी म्हटलं, थांब.
आणि त्या मुलाला विचारलं,
तिच्या अंगठ्याखाली
कुठलं बटण झिजलं होतं?